अभ्यासावरून मन उडतं तेव्हा

उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागातल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधं काम दिलं. कागदावर छापलेले भुलभुलैये पेन्सिलीने सोडवायचे, पंधरा मिनिटांत जमतील तितके. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला 1 रुपया. एकूण 642 मुलगे होते, निम्मे वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतले आणि निम्मे खालच्या समजल्या जाणाऱ्या. सहा-सहा जणांच्या गटांत त्यांना बसवलं. ज्या गटांत कुणाच्या जातीचा उच्चार झाला नाही, तिथे दोन्हीकडच्या मुलांची कामगिरी जवळपास सारखी निघाली. दुसऱ्या काही गटांत मात्र सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. एवढ्याने चित्र पालटलं. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची मुलं मागे पडली, तीही चांगलीच.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. संशोधकांनी बक्षिसाच्या व्यवहारात चिठ्ठी काढण्याचा, म्हणजे नशिबाचा भाग आणला, तेव्हा ही दरी नाहीशी झाली. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा त्यांनी सुचवलेला अर्थ असा: आपली जात कळल्यावर समोरचा माणूस आपलं मोल न्यायाने करील, याची मुलांना खात्री वाटत नव्हती. चिठ्ठीला जात कळत नाही, म्हणून चिठ्ठीवर भरवसा ठेवता आला. मुलांची बुद्धी पंधरा मिनिटांत कमी-जास्त झाली नव्हती. इथे घाम गाळण्यात अर्थ आहे का, याचा अंदाज त्यांनी बांधला होता.

शाळेत भेदभाव सोसणाऱ्या मुलांचं अभ्यासावरून मन का उडतं, याचं उत्तर शोधताना हा अंदाज फार महत्त्वाचा ठरतो. यावरचं बरंचसं संशोधन वंशावरून होणाऱ्या भेदभावाचं आहे आणि जात आणि वंश एक नव्हेत. पण जन्माने चिकटलेल्या ओळखीवरून माणसाची किंमत ठरवली जाते, तेव्हा मुलाच्या मनात चालणारा हिशेब सारखाच असतो. अमेरिकेतली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजातली मुलं, आपल्याकडची पारधी किंवा कैकाडी मुलं, या सगळ्यांना वर्गात एक जादा प्रश्न सोडवावा लागतो. पाठ्यपुस्तकात तो नसतो. मी मेहनत केली तर तिचं चीज होईल का, हा तो प्रश्न.

मुलाचं 'अभ्यासात मन असणं' म्हणजे नेमकं काय, याची उकल जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लुमेनफेल्ड आणि अ‍ॅलिसन पॅरिस यांनी 2004 साली केली आणि आज ती सर्वमान्य आहे. तिच्यात तीन धागे आहेत. पहिला वागण्याचा: वेळेवर येणं, गृहपाठ करणं, वर्गात हात वर करणं. दुसरा भावनेचा: शाळा आपली वाटणं, बाई आणि सर आपले वाटणं. तिसरा बुद्धीचा: गणित अडलं तर पान न उलटता दुसरी रीत करून पाहणं. शिक्षकाला यातला पहिलाच धागा सहज दिसतो, म्हणून प्रगतिपुस्तकातला शेराही बहुधा त्याच्यावरच असतो. मूल रोज हजर आहे, वही पूर्ण आहे, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं आहे आणि तरीही ते मनाने केव्हाच शाळेबाहेर पडलेलं आहे, असं होऊ शकतं. भेदभावाचा घाव हजेरीपटावर उमटण्याआधी भावना आणि बुद्धी या दोन न दिसणाऱ्या धाग्यांवर बसतो.

हे नुसतं अनुमान नाही. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या सुमारे 600 कृष्णवर्णीय मुलामुलींना कॅरल वाँग, जॅकलिन एकल्स आणि आर्नल्ड समेरॉफ यांनी सातवीच्या सुरुवातीला आणि पुन्हा आठवीच्या अखेरीला प्रश्न विचारले. प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातले होते. तुमच्या वंशामुळे शिक्षक तुम्हाला उत्तर कमी वेळा विचारतात का? गुण देताना हात आखडता घेतात का? शिक्षा जास्त कडक करतात का? वर्गातली मुलं तुम्हाला खेळातून, गप्पांतून वगळतात का? ज्यांच्या वाट्याला हे जास्त आलं, त्यांचे गुण या काळात घसरले, स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास कमी झाला, शिक्षण महत्त्वाचं आहे ही भावनाही ओसरली. राग आणि खिन्नता वाढली. 

अभ्यासात आधीच मागे असलेली मुलं आपल्या अपयशाचं खापर भेदभावावर फोडत असतील, अशी शंका इथे कुणीही घेईल. म्हणूनच संशोधकांनी मुलं सातवीच्या सुरुवातीला कुठे होती ते हिशेबात धरलं होतं. सारख्या जागेवरून निघालेल्या मुलांतही भेदभाव सोसणारी मुलं मागे सरकत गेली. 2018 साली एप्रिल बेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 200 हून अधिक शोधनिबंधांचा एकत्र आढावा घेतला. किशोरवयातल्या वांशिक भेदभावाचा मन, वर्तन आणि अभ्यास या तिन्हींशी वाईट संबंध आहे, हेच त्यातून पुढे आलं.

भेदभाव कोण करतं, यावरही परिणाम अवलंबून असतो. बेनर आणि सँड्रा ग्रॅहम यांनी लॉस एंजेलिसच्या माध्यमिक शाळांतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या मुलांना विचारून हे वेगवेगळं काढलं. वर्गमित्रांनी चिडवलं, टाळलं, तर मुलं एकाकी आणि खिन्न होतात. शिक्षक किंवा शाळेतल्या मोठ्या माणसांनी तसं वागवलं, तर फटका थेट अभ्यासाला बसतो. यात नवल नाही. मैत्री तोडण्याची ताकद मित्राकडे असते; गुण, संधी आणि शाबासकी शिक्षकाच्या हातात असतात. न्याय देणाराच पक्षपाती वाटला, तर खेळायचं कशासाठी?

आता वयाचा मुद्दा. लोकांच्या मनात आपल्या समाजाविषयी काही ठरलेली मतं असतात, ही जाण मुलांना साधारण सहा ते दहा या वर्षांत येत जाते आणि ज्यांच्याविषयी वाईट बोललं जातं त्या समाजांतल्या मुलांना ती लवकर येते. बाराव्या-तेराव्या वर्षी 'मी कोण' हा प्रश्न ऐरणीवर येतो. नेमकी याच सुमाराला शाळाही बदलते. प्राथमिक शाळेत दिवसभर एकच बाई असतात आणि त्या मुलाला घरच्यांसकट ओळखत असतात. माध्यमिक शाळेत तासागणिक नवा शिक्षक येतो. पन्नास-साठ मुलांचे चेहरे लक्षात ठेवायचे, तर घाईत झालेला ग्रह हाच निवाडा होऊन बसतो. मुलाची माणसं पारखण्याची नजर तीक्ष्ण होत असते आणि शिक्षकाला मुलाची पारख करायला वेळ उरलेला नसतो, असा हा काळ.

शिस्तीच्या बाबतीत हा घाईचा निवाडा कसा होतो, हे जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी 2015 साली दाखवलं. त्यांनी अमेरिकी शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ आगळिकींची नोंद वाचायला दिली. मजकूर तोच, काहींना मिळालेल्या कागदावर कृष्णवर्णीयांत आढळणारं नाव, काहींना मिळालेल्या कागदावर गोऱ्यांत आढळणारं. पहिल्या चुकीला शिक्षकांनी दोघांना जवळपास सारखंच तोललं. दुसऱ्या चुकीला तराजू कलला. कृष्णवर्णीय नावाच्या मुलाच्या बाबतीत शिक्षक जास्त अस्वस्थ झाले आणि शिक्षाही कडक असावी असं म्हणाले. गोऱ्या मुलाच्या दोन चुका म्हणजे दोन चुका, कृष्णवर्णीय मुलाच्या दोन चुका म्हणजे त्याचं वळणच तसं!

महाराष्ट्राला हा तर्क परका नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती कागदोपत्री विमुक्त झाल्या. लोकांच्या नजरेतून शिक्का पुसला गेला नाही. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली तर पहिलं दप्तर कुणाचं तपासायचं, हे काही गावांत न बोलता ठरलेलं असतं. पारधी पोराचं दप्तर उघडलं, पेटी मिळाली नाही, वर्ग पुढे सुरू झाला. इतरांच्या दृष्टीने विषय संपला. त्या पोराच्या दृष्टीने मात्र त्या तासाचा धडा भूगोलाचा नव्हता. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही आत्मकथनं 1980 च्या दशकात मराठी वाचकांनी उचलून धरली, ती अशा समाजांतल्या मुलाला शिकताना काय काय ओलांडावं लागतं, हे आतून सांगितल्यामुळेही.

असे प्रसंग साठत गेले की काय होतं? डेव्हिड येगर, व्हॅलरी पर्डी-ग्रीनवे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांतल्या मुलांना सहावी ते आठवी या काळात पुन्हा पुन्हा विचारलं: शाळेत सगळ्यांना सारखं वागवलं जातं का? शिक्षकांवर तुमचा विश्वास आहे का? सातवीच्या आसपास कृष्णवर्णीय मुलांचा विश्वास गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेगाने ढासळताना दिसला. हा अविश्वास मुलांनी हवेतून काढला नव्हता. शिक्षा देण्यात भेद होतो हे शाळेच्या स्वतःच्या नोंदींतही दिसत होतं. ज्यांचा विश्वास सातवीत अपेक्षेपेक्षा जास्त उडाला, त्यांची पुढे चार वर्षांच्या पदवीसाठी वेळेवर कॉलेजात पोचण्याची शक्यता कमी झाली. चांगले गुण मिळवणारी मुलंही याला अपवाद नव्हती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं मोल इथे आहे. मुलाचं मन उडतं तेव्हा त्याच्यात काही बिघडलेलं असतं, असं आपण धरून चालतो. इथे मुलांनी परिस्थिती अचूक वाचली होती आणि त्या अचूकपणाची किंमत मोजली होती.

भेदभाव म्हटला की शिवी, टोमणा, वेगळं बसवणं डोळ्यांसमोर येतं. त्याचं एक गोड रूपही आहे आणि ते ओळखणं अवघड. केंट हार्बर यांनी न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातल्या गोऱ्या शिक्षकांना मुद्दाम सदोष लिहिलेला निबंध तपासायला दिला. लिहिणारा मुलगा अल्पसंख्य वंशाचा आहे असं वाटलं, तेव्हा शिक्षकांचा कल कौतुक जास्त आणि टीका कमी करण्याकडे दिसला. हेतू वाईट नव्हता. आपल्यावर पक्षपाताचा आळ नको आणि मुलाचं मनही मोडायला नको. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला खोटी शाबासकी बरोबर कळते. 'तुझ्याकडून एवढंच अपेक्षित होतं' हा तिचा मथितार्थ त्याच्यापर्यंत पोचतो. अशा मुलापुढे पेच असतो. टीका झाली तर ती लिखाणावर आहे की आपल्यावर, हे कळत नाही. कौतुक झालं तर ते खरं की दयेपोटी, हेही कळत नाही. ज्या मुलाला आपण कुठे चुकलो हेच खात्रीने कळत नाही, ते सुधारणार कसं?

हा पेच सोडवण्याचा एक लहानसा प्रयोग येगर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केला. सातवीच्या मुलांनी आपल्या आदर्श व्यक्तीवर निबंध लिहिला, शिक्षकांनी तो नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासला. मग प्रत्येक वहीला एक चिठ्ठी चिकटवली गेली. निम्म्यांच्या चिठ्ठीत 'सूचना कळाव्यात म्हणून दिल्या आहेत' अशा अर्थाचं कोरडं वाक्य होतं. उरलेल्यांच्या चिठ्ठीत म्हटलं होतं की माझी अपेक्षा उंच आहे आणि तू ती गाठशील याची मला खात्री आहे, म्हणून या सूचना दिल्या. कुणाला कोणती चिठ्ठी गेली, हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. निबंध सुधारून परत आणायचा की नाही, हे मुलांवर सोडलं होतं. कोरडी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी निबंध परत लिहिला; दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 72 टक्क्यांनी. मुलं मोजकीच होती, त्यामुळे या आकड्यांवर इमले बांधू नयेत. तरी दिशा स्पष्ट आहे. टीका तितकीच कडक होती, शिक्षकही तेच होते. टीकेमागचा हेतू मात्र आता मुलाला तर्काने शोधत बसावा लागला नाही. ज्या मुलांना अशी चिठ्ठी मिळाली होती, त्यांच्या शिस्तभंगाच्या तक्रारी पुढच्या वर्षी कमी झाल्या आणि कॉलेजात जाण्याचं प्रमाणही वाढलं, असं नंतरच्या पाठपुराव्यात दिसलं.

अशा संशोधनाकडे डोळसपणेही पाहायला हवं. क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी 1995 साली मांडलेली कल्पना खूप गाजली: आपल्या समाजाविषयीचं वाईट मत खरं ठरेल या धास्तीनेच परीक्षेत मन विचलित होतं आणि गुण जातात. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या पडताळण्यांत हा परिणाम बराच पुसट निघाला. परीक्षेच्या तासाभरातली धास्ती हे सगळ्याचं मूळ नसावं. वर्षानुवर्षं साठत जाणारा अविश्वास जास्त खोल काम करतो, असं आज म्हणता येतं.

आणि हा प्रश्न चांगल्या-वाईट शिक्षकांचाही नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात एक परीक्षा घेऊन उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर मुलांची जात यादृच्छिकपणे टाकली आणि त्या शिक्षकांना तपासायला दिल्या. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण धक्का वेगळाच होता: हा भेद मुख्यतः त्याच जातसमूहांतल्या परीक्षकांकडून झाला होता. समाजात मुरलेलं मत ज्यांच्याविषयी असतं, त्यांच्याही डोक्यात ते शिरतं. त्यामुळे 'आमच्या शाळेत कुणी तसं नाही' हे उत्तर प्रामाणिक असलं तरी पुरेसं नसतं.

कधी कधी तर सगळी व्यवस्थाच मुलाची अपेक्षा आधी ठरवून टाकते. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात रोमा मुलांना 1990 च्या दशकात मतिमंद मुलांसाठीच्या 'विशेष शाळां'त सर्रास पाठवलं जाई. शहरातल्या नेहमीच्या प्राथमिक शाळांत रोमा मुलं 2.26 टक्के होती, विशेष शाळांत 56 टक्के. अशा शाळेत पडण्याची रोमा मुलाची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती. ज्या चाचण्यांवरून त्यांना तिथे धाडलं, त्या बहुसंख्य चेक मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या होत्या. 18 मुलांनी दाद मागितली आणि 13 नोव्हेंबर 2007 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभावच असल्याचा निकाल दिला. पालकांनी संमती दिली होती, हा सरकारचा बचाव टिकला नाही. सोप्या अभ्यासक्रमाच्या शाळेत बसवलेल्या मुलाने अभ्यासात रस घेतला नाही, तर दोष कुणाचा?

मग काही मुलं या सगळ्यातून तरतात, ती कशी? मेरिलँडच्या अभ्यासातच एक धागा सापडतो. आपल्या समाजाशी ज्यांचं नातं घट्ट आणि अभिमानाचं होतं, त्या मुलांवर भेदभावाचा परिणाम कमी झाला. 'तुझ्यात खोट आहे' असं जग सांगत असताना 'खोट जगाच्या नजरेत आहे' हे सांगणारं कुणीतरी घरात, वस्तीत असावं लागतं. शाळाही हे करू शकते. सॅन फ्रान्सिस्कोने नववीत अमेरिकेतल्या अल्पसंख्य समाजांचा इतिहास आणि अनुभव शिकवणारा विषय सुरू केला आणि आठवीत गुण कमी पडलेल्या मुलांची नावं त्यात आधीच घातली. थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी गुणांच्या त्या मर्यादेच्या किंचित खालची आणि किंचित वरची मुलं ताडून पाहिली. विषय शिकलेल्या मुलांची हजेरी 21 टक्के-अंकांनी वाढली आणि 4 पैकी मोजली जाणारी सरासरी श्रेणी 1.4 ने. विषय आपल्या माणसांचा होता. फायदा इतर विषयांतही झाला. सेथ गर्शेन्सन आणि सहकाऱ्यांना नॉर्थ कॅरोलायनात असं आढळलं की तिसरी ते पाचवीत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिशय गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलग्यांची पुढे शाळा सोडण्याची शक्यता 39 टक्क्यांनी घटते.

काही मुलं भेदभावाला दुप्पट मेहनतीने उत्तर देतात आणि आपण त्यांचे सत्कार करतो. जीन ब्रॉडी यांनी जॉर्जियाच्या ग्रामीण भागातल्या अशा निग्रही कृष्णवर्णीय मुलांची तपासणी केली, तेव्हा अभ्यासात आणि वागण्यात सरस असलेल्या गरीब घरच्या मुलांच्या शरीरावर ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. जिद्दीच्या कहाण्या सांगताना हा खर्च धरायचा राहून जातो.

उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला आडनाव कळू नये, ही काळजी व्यवस्थेने घेतली आहे, कारण आडनाव कळल्यावर काय होऊ शकतं हे तिला पक्कं माहीत आहे. पण विषयातल्या 100 पैकी 80 गुणांची ही काळजी उरलेल्या 20 गुणांना लागू पडत नाही. तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रात्यक्षिक हे शाळेतच होतं, नावानिशी आणि चेहऱ्यासकट होतं. आणि त्या 20 गुणांच्याही आधी दहा वर्षं मूल वर्गात नावानिशीच बसलेलं असतं. तिथे पडदा लावता येत नाही. हिशेब मात्र ठेवता येतो. गेल्या महिन्यात कुणाला किती वेळा उत्तर विचारलं, कुणाला वर्गाबाहेर उभं केलं, तोंडीचे गुण कोणत्या निकषांवर दिले आणि ते निकष मुलांना आधी सांगितले होते का, हे कुठल्याही शाळेला वहीत मांडता येईल. खर्च शून्य आहे. अडचण एवढीच की ती वही उघडल्यावर 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा मुलाच्या नावापुढे लिहिणं शाळेला पूर्वीइतकं सोपं जाणार नाही.